चाकांवरचं घर आणि सिलिंडर

सुट्टीत कॅराव्हॅनमधून भटकायचं म्हणजे मुलांची चंगळच! पण या घरात शेगडीही असते, हे विसरू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळला की तळाशी साचतो. वास आला तर दिव्याचं बटणसुद्धा दाबू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं उघडा, सगळे बाहेर पडा. गळती साबणाच्या पाण्याने तपासावी. काडी ओढून पाहणारे महाभागही असतात!

त्याहून फसवा कार्बन मोनॉक्साइड. त्याला वासच नाही. थंडी वाजते म्हणून बंद गाडीत शेगडी पेटती ठेवून किंवा इंजिन चालू ठेवून कुणीही झोपू नये. डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर झोपलेल्यांनाही उठवून तडक मोकळ्या हवेत न्या.

पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल, तर सिलिंडर आधी उतरवा.