भुताचा बायोडेटा कोणी मागितला होता?

परवा शनिवारी रात्री रूममेटला 'क्यूब' दाखवला. १९९७ चा कॅनेडियन सिनेमा, विन्चेन्झो नताली नावाच्या दिग्दर्शकाचा. कॉलेजपासून मी तो किती वेळा पाहिलाय याचा हिशेब नाही. दीड तास हा पठ्ठ्या उशी छातीशी धरून, वेफर्सच्या पाकिटाला हातही न लावता बसला होता. शेवटी तो एकटा उरलेला माणूस पांढऱ्या उजेडात चालत जातो, पडदा पांढरा होतो, नावं सुरू होतात. मी याच्याकडे बघतोय, आता काहीतरी बोलेल म्हणून. तर साहेब म्हणाले, "अरे पण तो क्यूब बनवला कोणी?" आणि मी तोंड उघडायच्या आत मोबाईल काढून 'क्यूब एंडिंग एक्स्प्लेन्ड' शोधायला लागलेसुद्धा!

तेव्हा जे डोकं फिरलं ते अजून जागेवर आलेलं नाही. म्हणून हा लेख. पुढे बऱ्याच सिनेमांचे शेवट फोडणार आहे, तेव्हा ज्यांना ते पाहायचे आहेत त्यांनी इथूनच मागे फिरावं. नंतर बोंब मारायची नाही.

तर मंडळी, भयपट आणि विज्ञानपट या दोघांनाही एक रोग लागलाय, स्पष्टीकरणाचा. घाबरवणारी जी काही गोष्ट असेल, भूत असो, परग्रहावरचा प्राणी असो की मुखवटा घातलेला खुनी, तिची कुंडली मांडल्याशिवाय यांना चैन पडत नाही. कुठून आलं, कोणी बनवलं, लहानपणी कोणी छळलं, आईवडील काय करायचे. अरे, भीती दाखवताय की स्थळ?

सगळ्यात मोठा गुन्हेगार आधी घेऊ. दुःख हे की तो माझा लाडका दिग्दर्शक आहे. रिडली स्कॉट. १९७९ च्या 'एलियन'मध्ये तिघं जण एका परक्या यानात शिरतात आणि त्यांना एका अवाढव्य खुर्चीत बसलेला एक अवाढव्य मेलेला जीव दिसतो. चेहऱ्यावर सोंडेसारखं काहीतरी, अंग खुर्चीतूनच उगवल्यासारखं, पार दगड झालेलं. बरगड्या आतून बाहेर फुटलेल्या. बस्स. थोडा वेळ बघतात आणि पुढे जातात. नंतर त्याच्याबद्दल कोणी काही सांगत नाही. एच. आर. गिगर या स्विस चित्रकाराचं ते डिझाईन. सेट अजून मोठा वाटावा म्हणून स्कॉटने स्वतःच्या पोरांना छोटे स्पेससूट घालून तिथे उभं केलं होतं. कॉम्प्युटर ग्राफिक्स नाही, काही नाही. पण तेवढ्यात कळतं की हे विश्व आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार जुनं आहे आणि त्याला आपल्याशी काही देणंघेणं नाही. हा कोण, कुठे निघाला होता, किती वर्षं असा बसलाय, काही माहीत नाही. याला कोणीतरी आतून फाडलं आणि आता नंबर आपला, एवढंच.

तेहतीस वर्षांनी, २०१२ साली, त्याच स्कॉटने 'प्रॉमिथियस' काढला आणि सांगितलं की ती सोंड म्हणजे हेल्मेट होतं. आणि हेल्मेटच्या आत? एक पांढराफटक, टकला, रोज जिमला जाणारा माणूस! त्याचा डीएनए म्हणे आपल्याशी जुळतो. आणि या जमातीला सिनेमात नाव काय दिलंय? इंजिनिअर. च्यायला, एवढ्या लांब अंतराळात जाऊन भेटलं कोण, तर आमच्याच कॅन्टीनच्या रांगेतलं कोणीतरी. मग २०१७ मध्ये 'एलियन: कव्हेनंट' आला आणि त्यात कळलं की तो प्राणी डेव्हिड नावाच्या यंत्रमानवाने प्रयोग करकरून घडवला. म्हणजे ज्याच्या भीतीने मी दहावीत असताना रात्री बाथरूमला जाताना पॅसेजचा दिवा लावून जायचो, तो कोणाचा तरी आर अँड डी प्रोजेक्ट निघाला.

दोन्ही सिनेमे दिसायला देखणे आहेत आणि मायकेल फासबेंडर कमाल करतो, हे मान्य. माझी तक्रार अशी की नुकसान मागच्या सिनेमाचं झालं. आता 'एलियन' लावला की त्या खुर्चीपाशी मला हेल्मेट दिसतं. हे डोक्यातून अनइन्स्टॉल कसं करायचं कोणी सांगेल का?

यावर हमखास येणारा प्रश्न: "मग काय, काहीच सांगायचं नाही? नुसता धूर आणि दाराची करकर?" अजिबात नाही. इंजिनिअरिंगला दुसऱ्या वर्षी सी प्लस प्लस शिकवताना एन्कॅप्सुलेशन नावाचा प्रकार घोकून घेतात, आठवतंय का? बाहेरच्याला फक्त इंटरफेस दाखवायचा, आतली भानगड झाकून ठेवायची. एटीएममध्ये पिन टाकला की पैसे येतात, आतल्या नोटा कशा सरकतात याच्याशी आपल्याला काय करायचंय? चांगला भयपट हेच करतो. नियम सगळे उघड सांगतो आणि कारण लपवतो. 'एलियन'मध्ये नियम एकदम कडक आहेत. अंडं उघडतं, तोंडाला चिकटतं, पोटात वाढतं, छाती फोडून बाहेर येतं, रक्त म्हणजे ॲसिड. यातलं काहीच धूसर नाही. डेव्हिड रॉबर्ट मिचेलचा २०१४ चा 'इट फॉलोज' घ्या. ती गोष्ट चालत येते, धावत नाही, ज्याच्यामागे लागलीय त्यालाच दिसते, दुसऱ्याला देता येते. ती आहे काय? शेवटपर्यंत सांगत नाहीत. मी सिनेमा बघून आल्यावर आठवडाभर स्टॉपवर बसची वाट बघताना लांबून चालत येणाऱ्या माणसांकडे संशयाने बघत होतो.

आणि 'क्यूब' तर आपल्या लोकांनी बघायलाच हवा. सहा-सात अनोळखी माणसं एका चौकोनी खोलीत जागी होतात. प्रत्येक भिंतीत, छतात, जमिनीत एक दार, पलीकडे तशीच दुसरी खोली, आणि काही खोल्यांत जीव घेणारे सापळे. दारात तीन-तीन आकडी संख्या कोरलेल्या. गणितवाली मुलगी म्हणते, यात मूळ संख्या असली की सापळा. मग एका खोलीत हा तर्क सपशेल आपटतो, आणि नवा नियम शोधावा लागतो. शूटिंगला पूर्ण बांधलेली खोली एकच होती, रंगीत काचा बदलून तीच सगळीकडे वापरली. पैसे नव्हते, डोकं होतं.

पण खरी गंमत वर्थ नावाच्या माणसाची. मध्येच कळतं की या क्यूबचं बाहेरचं कवच यानेच डिझाईन केलंय. सगळे त्याच्यावर तुटून पडतात, सांग कोणी बनवलं, कशासाठी? आणि त्याला खरंच माहीत नसतं. त्याला काम मिळालं, त्याने ड्रॉइंग दिलं, पैसे घेतले. दुसऱ्या कोणी दारं केली असतील, तिसऱ्याने सापळे. वर कोणी खलनायक बसलेला नाही, कट नाही, काही नाही. सगळ्यांनी आपापला तुकडा इमानदारीत केला आणि हे यंत्र तयार झालं, आणि आता बनलंच आहे तर चालवा.

हे ऐकून ज्या आयटीवाल्याच्या पोटात गोळा येत नाही त्याने अजून मोठ्या प्रोजेक्टवर काम केलेलं नाही :) आपण अर्धा मॉड्यूल लिहितो, तो कुठे लागतो, कोणाच्या पगाराचं, कर्जाचं, औषधाचं काय होतं, विचारलंय कधी? मी नाही विचारलं. म्हणून ज्याला त्याला 'क्यूब' दाखवत असतो.

आता २००४ साली आलेला 'क्यूब झीरो' बघा. बघू नका खरं तर, मीच सांगतो. त्यात क्यूबवर पाळत ठेवणारी खोली दाखवलीय, तिथे ड्युटीवर बसलेले दोन कर्मचारी, त्यांच्यावर साहेब, साहेबाच्या वर अजून साहेब. म्हणजे वर्थने जे नाही म्हणून सांगितलं, नेमकं तेच हजर. कोणीतरी वर बसलेलं आहे आणि तोच दुष्ट आहे. चला, सुटलो आपण!

मागच्या वर्षीची गोष्ट. आमचा एक रात्रीचा जॉब होता, तो अधूनमधून मरायचा. रोज नाही, ठरावीक वारी नाही. लॉगमध्ये काही नाही, एरर नाही, शेवटची ओळ अर्धीच लिहिलेली. पुन्हा सुरू केला की मुकाट चालायचा. तीन आठवडे आम्ही आळीपाळीने रात्री जागलो. खोटं वाटेल, पण पहाटे अडीचच्या सुमारास रिकाम्या फ्लोअरवर ती अर्धी ओळ बघताना मानेवरचे केस उभे राहायचे. शेवटी सापडलं काय, तर दुसऱ्या टीमची बॅकअपची स्क्रिप्ट टेबल लॉक करत होती. आरसीए लिहिला, मीटिंग झाली, मीटिंगमध्ये मीच जांभया दिल्या. ऑफिसात आरसीए लिहायलाच हवा, त्याचा पगार मिळतो. पण सिनेमाला तिकीट काढून आरसीए कोण बघतं?

हे सगळ्यात धूर्तपणे वापरलंय ते हिदेओ नाकाताच्या 'रिंगू'ने, १९९८ चा जपानी, कोजी सुझुकीच्या कादंबरीवरचा. व्हिडिओ कॅसेट पाहिली की सात दिवसांत मरण. नायिका रेइको आणि तिचा पूर्वीचा नवरा तपास करतात, सादाको कोण होती, तिला विहिरीत कोणी ढकललं, सगळं शोधतात. विहिरीत उतरून सांगाडा वर काढायची वेळ येते. मुदत टळते, रेइको जिवंत. सुटकेचा निःश्वास. आपल्याकडच्या सिनेमात इथे अस्थी गंगेला गेल्या असत्या आणि पाटी आली असती. इथे दुसऱ्या दिवशी त्या नवऱ्याच्या घरचा टीव्ही आपोआप लागतो आणि सादाको विहिरीतून, मग टीव्हीतून बाहेर येते. कारण सापडलं होतं, बरोबरही होतं, उपयोग शून्य! टिकेट क्लोज केलं आणि ते आपोआप रीओपन झालं. रेइको वाचली ती कॅसेटची कॉपी करून दुसऱ्याला दाखवली म्हणून. आणि आता लहान मुलाला वाचवायचं तर त्याची कॉपी कोणाला दाखवायची? ती गाडी काढून स्वतःच्या वडिलांकडे निघते. तिथेच सिनेमा संपतो. मी तरी अजून असा दुसरा शेवट पाहिलेला नाही.

मग हे स्पष्टीकरणवाले सिनेमे निघतात का? मोकळं मैदान दिसलं की बिल्डरला एफएसआय दिसतो, तसं आहे हे. गाजलेल्या गोष्टीत मूळ लेखकाने मुद्दाम सोडलेली रिकामी जागा म्हणजे स्टुडिओला बांधायला प्लॉट. जॉन कार्पेंटरच्या १९८२ च्या 'द थिंग'मध्ये जळालेला नॉर्वेजियन तळ दिसतो, दारात अडकलेली कुऱ्हाड दिसते, काय झालं असेल ते आपण मनात रचतो. २०११ ला त्यावर अख्खा सिनेमा बांधला, कुऱ्हाड तिथे कशी अडकली तेही दाखवलं. कार्पेंटरच्याच १९७८ च्या 'हॅलोवीन'मधल्या मुखवटेवाल्याला श्रेयनामावलीत नुसतं 'द शेप' म्हटलंय, आकृती. २००७ च्या रिमेकमध्ये रॉब झॉम्बीने त्याला वाईट सावत्र बाप आणि दुःखी बालपण दिलं. आकृतीचा झाला एक बिचारा.

आपल्याकडेही तेच. २०१८ च्या 'स्त्री'च्या शेवटी श्रद्धा कपूर ती कापलेली वेणी बसमध्ये स्वतःच्या केसांना लावते आणि सिनेमा संपतो. तिला नावसुद्धा नाही! थिएटरबाहेर आमचा चहा थंड झाला एवढी भांडणं झाली, ही कोण म्हणून. २०२४ च्या 'स्त्री २'ने सांगून टाकलं, ती स्त्रीची मुलगी. अच्छा. बरं. त्या रात्री बाहेर कोणी भांडलं नाही, पार्किंगमधून गाड्या काढल्या आणि घरी गेलो.

इथे कोणीतरी 'तुंबाड' काढणार, माहितीये मला. राही बर्वेचा २०१८ चा सिनेमा, नारायण धारपांच्या कथेची ठिणगी आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून. त्यात तर सुरुवातीलाच हस्तरची पूर्ण जन्मकथा सांगितली आहे, मग तो का आवडतो? प्रश्न बरोबर आहे, आणि मी यावर बराच अडलो. मला वाटतं, ती आजीच्या तोंडून ऐकावी तशी पुराणकथा आहे. तिने हस्तर समजत नाही, उलट त्याच्याभोवती अजून जुनं काहीतरी पसरत जातं. वर पाऊस थांबत नाही, आणि ती साखळदंडातली म्हातारी नुसतं त्याचं नाव ऐकून झोपते. त्यात नियमही चोख आहेत. पिठाचं रिंगण, पिठाची बाहुली, एक बाहुली एक हस्तर. बापलेक जास्त बाहुल्या घेऊन उतरतात आणि तोच नियम त्यांच्यावर उलटतो. लोड टेस्टिंग न करता प्रॉडक्शनला गेलं की असंच होतं.

'सायको'बद्दल मात्र मी हरलो. १९६० चा, हिचकॉकचा, आणि शेवटी तो डॉक्टर येऊन नॉर्मनचा अख्खा केसपेपर वाचून दाखवतो. ते भाषण मी दर वेळी फॉरवर्ड करतो. तरी सिनेमा पडत नाही, कारण त्याच्यानंतर ब्लँकेट गुंडाळून बसलेला नॉर्मन आपल्याकडे बघून हसतो आणि डॉक्टरचं सगळं बोलणं वाया जातं.

असो. रूममेटने त्या रात्री स्पष्टीकरणाचा व्हिडिओ पूर्ण पाहिला आणि म्हणाला, "फालतू आहे रे, यालाही माहीत नाही." मग बराच वेळ गप्प बसला. दोन वाजता त्याच्या खोलीचा दिवा चालू होता. येत्या शनिवारी 'रिंगू' लावतोय. एकच अट घातलीय, मोबाईल स्वयंपाकघरात ठेवून यायचं.