‘रेडियम’ स्वतः चमकत नाही

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे लावलेल्या लाल पट्टीला आपल्याकडे सगळे ‘रेडियम’ म्हणतात. त्या पट्टीत रेडियम नसते आणि ती स्वतः उजळतही नाही. पण या नावामुळे झालेला समज रस्त्यावर महागात पडतो. एकदा पट्टी लावली की ती रात्री आपोआप चमकणार, मग तिच्यावर चिखल बसला काय आणि ताडपत्री लोंबली काय!

ओझरहून पिंपळगाव बसवंतकडे जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गावर कांद्याच्या हंगामात हा प्रश्न रोजचा आहे. बाजार समितीत लवकर पोहोचायचे म्हणून अनेक ट्रॅक्टर अंधारातच घर सोडतात. एखादी ट्रॉली पंक्चर होऊन कडेला उभी राहते. मागून येणारी गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला २२ मीटर पळत असते. डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरला, तरी ३३ मीटर संपतात. ब्रेक दाबल्यावर कोरड्या रस्त्यावरही आणखी तीस-पस्तीस मीटर लागतात. मळकी ट्रॉली दिव्यांच्या उजेडात येते, तेव्हा बहुधा तेवढे अंतर उरलेले नसते. हे अंतर मिळवून देतो तो रिफ्लेक्टर.

त्याचे काम दहावीच्या विज्ञानातल्या एका नियमावर चालते. काचेतून, पाण्यातून किंवा प्लास्टिकमधून हवेत बाहेर पडताना प्रकाश वाकतो. तो पृष्ठभागाला जितका तिरपा भिडेल, तितका अधिक वाकतो. एका मर्यादेपलीकडे तो बाहेरच पडत नाही; सगळाच्या सगळा आत परततो. ही मर्यादा म्हणजे क्रांतिक कोन आणि हे परतणे म्हणजे पूर्ण आंतरिक परावर्तन. हिऱ्याची झळाळी त्यातूनच येते. घरापर्यंत इंटरनेट आणणाऱ्या काचतंतूतून प्रकाश याच नियमाने मैलोन्‌मैल धावतो आणि एंडोस्कोपीच्या नळीतून पोटात उजेडही तसाच पोहोचतो. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर १०० लोलकांची एक चौकट ठेवली. पृथ्वीवरून सोडलेले लेसर किरण ती आजही माघारी पाठवते.

ट्रॉलीमागचा लाल रिफ्लेक्टर हा त्या चौकटीचा गरीब भाऊ. फुटलेल्या रिफ्लेक्टरचा तुकडा हातात घेऊन पाहा. तो पुढून गुळगुळीत असतो, तर मागे बारीक कोपऱ्यांची दाटी दिसते. दोन भिंती आणि छत जसे काटकोनात मिळतात, तसा त्यातला प्रत्येक कोपरा असतो. आत शिरलेला प्रकाश तिन्ही बाजूंवरून परावर्तित होऊन जिकडून आला तिकडेच, म्हणजे गाडीच्या दिव्यांकडे आणि चालकाच्या डोळ्यांकडे वळतो.

खरी मेख पुढे आहे. समोरून आलेला किरण या प्रत्येक बाजूला सुमारे ५५ अंशांनी भिडतो. मागे हवा असेल तर क्रांतिक कोन ४२ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे प्रकाश पूर्ण परततो. पण रिफ्लेक्टरला तडा जाऊन मागे पाणी शिरले, की तोच कोन सुमारे ६३ अंशांवर जातो आणि बहुतेक प्रकाश मागून निसटतो. दिवसा लाल, शाबूत दिसणारा तुकडा रात्री आंधळा झालेला असतो. समोरून चिखल बसला असेल, तर प्रकाश आतही शिरत नाही.

मोटार वाहन नियमांनी ट्रेलरलाही मागे लाल रिफ्लेक्टर सक्तीचे केले आहेत. पण पोलिसांनी अडवू नये म्हणून कुठलाही लाल स्टिकर चिकटवला, तर दंड वाचेल, जीव वाचेलच असे नाही. खरे-खोटे ओळखणे सोपे आहे. अंधारात ट्रॉलीपासून तीस पावले मागे जा आणि मोबाइलची बॅटरी डोळ्याशेजारी धरून तिच्यावर पाडा. खरा रिफ्लेक्टर लख्ख उजळतो, साधा स्टिकर मिणमिणतो. बॅटरी डोळ्याजवळच हवी, कारण प्रकाश आला त्याच वाटेने परततो.

कांद्याचा भाव पडला की शेतकऱ्याला नव्या खर्चाचे नाव नको असते, हे समजण्यासारखे आहे. म्हणूनच ही जबाबदारी एकट्या त्याच्यावर टाकू नये. प्रत्येक ट्रॉली बाजार समितीच्या फाटकातून आत जाते. तिथेच हंगामाच्या सुरुवातीला तपासणी व्हावी आणि फुटका रिफ्लेक्टर समितीच्या खर्चाने बदलून द्यावा. दुसऱ्या दिवशी त्याच फाटकावर दंड आकारण्यापेक्षा हे अधिक उपयोगी ठरेल. उरलेले काम घरचे आहे: निघण्यापूर्वी ओल्या फडक्याने रिफ्लेक्टर पुसणे, त्यावर रंग न मारणे आणि ताडपत्रीचे टोक वर खोचणे.

ओझरमध्ये १९६४ साली मिग विमानांसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आला. उड्डाणापूर्वी विमानाची तपासणी का करायची, हे या परिसरात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. त्याच गावाच्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॉलीसाठी दोन मिनिटांची तपासणी हे काही मोठे मागणे नाही.