भपका की आहार्य?

गेल्या पंधरवड्यात कन्या माहेरी आली असता विठ्ठलवाडीच्या आमच्या घरी सर्व मंडळींनी मिळून व्ही. शांताराम यांचा १९५५ सालचा ‘झनक झनक पायल बाजे’ हा बोलपट पुनश्च पाहिला. हा आमचा जुना आवडता बोलपट. चिरंजीव म्हणाले, “अण्णा, डोळे दिपतात खरे, पण एवढा भपका कशासाठी?”

भरतमुनींनी अभिनयाचे चार प्रकार सांगितले. आंगिक, वाचिक व सात्त्विक यांच्या पंक्तीस त्यांनी आहार्यही, म्हणजे वेषभूषादी सजावटही, मानाने बसविले आहे. सबब टेक्निकलरच्या त्या रंगवैभवास निव्वळ भपका म्हणणे शास्त्रास धरून नाही. गोपीकृष्णांचे नृत्य आणि वसंत देसाई यांचे संगीत यांच्या योग्यतेचाच तो साज आहे.

कथेत केशवराव दाते यांनी वठविलेले नृत्यगुरू पुत्राच्या प्रेमास तपोभंग मानतात. नायिका त्याच्या साधनेसाठी दूर होते. तथापि अखेरच्या तांडवात तिलाच त्याच्या जोडीस उभे राहावे लागते. ही भूमिका करणाऱ्या संध्या मुळात नर्तकी नव्हत्या; या चित्रपटासाठी त्या गोपीकृष्णांकडून नृत्य शिकल्या.

हे सांगताना आमचा स्वर अडखळला. कन्येने बालपणी नृत्याचा हट्ट धरला, तेव्हा “हा भपका नको, अभ्यास कर,” असे आम्हीच बजावले होते. शब्द चिरंजीवांचा नव्हे, आमचाच! कन्या काही बोलली नाही. मात्र तिचे पाऊल ताल धरून होते.

आता नातीस घुंगरू आम्हीच आणणार आहोत. कन्येचे माप विचारण्याचे धैर्य मात्र अद्याप झालेले नाही.