उपाशी पथ्य

धंतोलीत रुग्णालयांची दाटी आहे. विदर्भाच्या जिल्ह्यांतून, तसेच छिंदवाडा-बालाघाटकडून आलेली माणसे येथे आप्ताच्या उशाशी दिवस काढतात. त्यांचे जेवण बहुधा रस्त्यापलीकडच्या टपरीवर किंवा बेकरीतच होते.

अशाच एक पन्नाशीतील बाई मध्यंतरी चक्कर येते म्हणून माझ्याकडे आल्या. पती जवळच्या रुग्णालयात. त्या स्वतः मधुमेही. अंग घामाने भिजलेले, रक्तशर्करा ५८. सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेतलेली आणि दुपारपर्यंत पोटात केवळ दोन बिनसाखरेचे चहा. "तळलेलं नको, गोड नको, असं तुमीच सांगता ना डॉक्टरसाहेब? मंग बाहेर खावं तरी काय?"

ही गोळी पोटात अन्न असो वा नसो, इन्शुलिन स्रवविते. तीन चमचे साखर पाण्यातून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी केली आणि मग समोरून पोहे मागविले. माझ्या दवाखान्यातील पथ्यपत्रकात 'काय खाऊ नये' याचीच यादी आहे, हे तेव्हा मला प्रथमच खटकले.

२०२५ च्या जुलैत समोसा-जिलेबीवरून बराच गदारोळ झाला, तो आपणांस आठवत असेल. विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारे नव्हेत, तर कार्यालयांत तेल-साखरेचे फलक लावण्याची ती सूचना होती, असा खुलासा सरकारने केला. फलक मलाही मान्य आहेत. त्यांवर चार खाण्याजोग्या वस्तूही लिहाव्यात, एवढेच.

तर्री-पोह्यांपासून आरंभ करू. तर्रीचा तवंग बाजूला सारून हरभरे मागून घ्यावेत. त्यांतील प्रथिने आणि तंतू यांमुळे साखर सावकाश चढते. सांबारवडी (परगावच्यांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर) दोघांत एक पुरे. कढईतील तेल काळपट, फेसाळ, धुरकट दिसल्यास पुढे चालू लागावे. तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगांवर कायद्याने २५ टक्क्यांची मर्यादा आहे. ती मोजण्याचे साधन आपल्या हाती नसले तरी नाक आणि डोळे असतात.

खारीविषयी मात्र माझे मत कठोर आहे. ती हलकी लागते ती पापुद्र्यांमधील हवेमुळे. ते पापुद्रे सुटे राहतात स्निग्धांशामुळे. जानेवारी २०२२ पासून तेला-तुपांतील ट्रान्सफॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आली, हे उत्तमच. परंतु सुट्या खारीवर लेबल नसते, आणि मर्यादा पाळली तरी मैदा आणि चरबी राहतातच. चहासोबत दिवसभर खारी खाण्यापेक्षा भाजलेले फुटाणे जवळ ठेवावेत.

पतीला सुटी मिळाली त्या दिवशी त्या बाई पुन्हा आल्या. पिशवीत फुटाण्यांची पुडी होती आणि नातवासाठी संत्रा बर्फीचा डबा. "यातली एक वडी मी खाल्ली तर चालते का?" मी म्हणालो, जेवणानंतर अर्धी. उरलेली अर्धी त्यांनी लगेच माझ्यासमोर ठेवली.