आजार कुणाचा, की आजार कसा पसरतो?

ऑगस्ट २००९. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला होता. नायडू रुग्णालयाबाहेर रांगा होत्या, लोक तोंडाला रुमाल बांधून फिरत होते. आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा मात्र निर्धास्त होते. म्हणाले, "बेटा, हा डुकराचा आजार. आपल्यात तर डुक्कर हराम. आपल्याला कसली भीती?" मी मान डोलावली. आज त्याची लाज वाटते.

विषाणूचे मूळ डुकरांमधले असले, तरी साथ पसरत होती माणसांच्या खोकण्या-शिंकण्यातून. नमाजच्या रांगेत खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्यांना तो काय खाता, हे विचारणार नव्हता. केवळ नावामुळे आम्ही गाफील राहिलो.

त्याच नावाने इजिप्तमध्ये गरिबांची रोजी हिरावली. एप्रिल २००९च्या अखेरीस तिथल्या सरकारने सुमारे तीन लाख डुकरे मारण्याचा आदेश दिला. तेव्हा देशात या फ्लूचा एकही रुग्ण नव्हता. डुकरे पाळत होते कैरोचा कचरा उचलणारे जब्बालीन, बहुतेक कॉप्टिक ख्रिस्ती. ओला कचरा खाणारी डुकरे गेली, रस्त्यांवर कचरा साचला आणि फ्लू यायचा तो आलाच. मुस्लिमबहुल देशात अल्पसंख्याकांवर झालेला हा अन्याय होता. तेव्हा आपल्यापैकी किती जण त्याविरुद्ध बोलले?

२०२० मध्ये पाळी आपल्यावर आली. तबलीगी जमातच्या निमित्ताने कोरोनाला आपल्या समाजाचे नाव चिकटवले गेले. भाजीवाल्यांना नाव विचारून हाकलले गेले. त्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचे नोंदवले. पण तोवर अनेकांची रोजी बुडाली होती.

नव्या आजाराला प्राण्याचे, गावाचे, समाजाचे नाव देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच सुचवले आहे. सूचना चांगली आहे, पण ती पाळायची तर सुरुवात स्वतःपासून हवी. आपल्यावर शिक्का बसला की ओरडायचे आणि दुसऱ्यावर बसला की मान डोलवायची, हा न्याय नव्हे.

पुढची साथ येईल तेव्हा आजार कुणाचा, हे विचारू नका. तो कसा पसरतो, एवढेच विचारा. चाचांना मी हेच सांगायला हवे होते.