हळदीकुंकू की जेझबेल?

'फुलपाखरू' म्हटलं की आपल्या कॉलेजमध्ये कुणाला काय आठवतं ते सांगायची गरज नाही! पण मी आज खऱ्याखुऱ्या फुलपाखरांबद्दल लिहिणार आहे, आणि थोडं भांडणारही आहे.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. (मराठीत लेख देतेय म्हटल्यावर रूममेटने आपणहून शुद्धलेखन तपासून द्यायची तयारी दाखवली, यावरून काय ते समजा.) सेकंड इयरची परीक्षा संपवून मी आचऱ्याला आजीकडे गेले, ते डोक्यात खूळ घेऊनच. आजीच्या बागेतल्या फुलपाखरांची यादी करायची! मोबाईलने फोटो काढायचे, इंग्रजी पुस्तकातल्या चित्रांशी ताडून पाहायचे आणि नाव एक्सेल शीटमध्ये टाकायचं. आठवड्याभरात वीसेक नावं झाली. कॉमन मॉरमॉन, कॉमन जेझबेल, प्लेन टायगर... शीट अगदी झकास दिसत होती.

मग एका सकाळी आजोबांनी गडी बोलावला, हापूसच्या कलमांवरची बांडगुळं काढायला. बांडगूळ दुसऱ्या झाडावर वाढतं, त्याच्या फांदीत शिरून पाणी शोषतं. त्यामुळे बागायतदाराचा त्याच्यावर राग असणारच. पण जेझबेलच्या अळ्या जगतात त्या याच बांडगुळाच्या पानांवर! आदल्याच दिवशी मी त्यांचा घोळका पाहिला होता. मी धावत आजीकडे गेले. "आजी, थांबव ना त्यांना! तिथे कॉमन जेझबेल आहे!"

"जेझबेल? ह्या खंयचा नाव?"

आता काय सांगणार! जेझबेल ही बायबलच्या जुन्या करारातली दुष्ट राणी. तिला खिडकीतून खाली फेकलं आणि कुत्र्यांनी खाल्लं, हे मला शाळेपासून पाठ. म्हणजे झाडाचं रक्त पिणाऱ्या बांडगुळावरची एक दुष्ट राणी वाचवा, असं मी आजीला सांगत होते. मग फोटो दाखवला. पंखांची खालची बाजू पिवळीधमक, कडेला लाल ठिपक्यांची रांग. आणि कुठेतरी वाचलेलं मराठी नाव आठवलं, हळदीकुंकू.

"मगे तसा सांग ना!" आजी म्हणाली आणि उठून बाहेर गेली.

कलमांवरची बांडगुळं गेलीच. आजोबांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, माझी फी त्याच हापूसमधून भरली जाते. पण कुंपणाजवळच्या जुन्या रायवळ आंब्यावरचं बांडगूळ मात्र तेवढं राहिलं. ते माझ्या एक्सेल शीटने राहिलं नाही, एका नावाने राहिलं.

आमच्या ग्रुपमधला एक हुशार मित्र म्हणतो, मराठी नावं म्हणजे नसता भावुकपणा. शास्त्रीय नाव आहे ना, झालं! मान्य, शास्त्रीय नाव हवंच. कॉम्प्युटरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर ती प्रायमरी की. डेलियस युकॅरिस म्हटलं की जगात कुठेही हेच फुलपाखरू. पण इंग्रजी नाव म्हणजे शास्त्रीय नाव नव्हे, याचा आपल्याला विसर पडतो. 'कॉमन जेझबेल'ला आता 'इंडियन जेझबेल' म्हणतात, तेव्हा तेही काही दगडावरची रेघ नाही. आणि महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू जाहीर केलं (असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य!), ते ब्लू मॉरमॉन. मॉरमॉन हा अमेरिकेतला पंथ, एकेकाळी बहुपत्नीत्वासाठी गाजलेला. कॉमन मॉरमॉनच्या नराला वेगवेगळ्या रूपांच्या माद्या असतात, म्हणून म्हणे ते नाव पडलं. आमच्या मालवणात याचा कुणाला काय बोध होणार? त्यापेक्षा 'नीलवंत' म्हणा की! राज्याच्या जैवविविधता मंडळाने अशी मराठी नावं रुजवायचं काम केलंय. प्लेन टायगर म्हणजे 'बिबळ्या कडवा'. अळी रुईवर वाढते, म्हणून अंगात कडू विष. अर्धी माहिती नावातच आली!

आता माझी फजिती सांगते. यादीत मी मोठ्या ऐटीत 'कॉमन रोझ' लिहिलं होतं. काळे पंख, पांढरा पट्टा, लाल ठिपके, आणखी काय हवं? एका जाणकाराला फोटो पाठवला, तर उत्तर आलं, "अंग बघ." कॉमन रोझचं अंग लाल असतं, माझ्या फोटोतलं काळं. ती निघाली कॉमन मॉरमॉनची मादी! रोझ विषारी, म्हणून पक्षी त्याला टाळतात. ही बिनविषारी मादी त्याचंच सोंग घेते. हे सोंग डबलसेक्स नावाच्या एकाच जनुकावर चालतं, असं 2014 मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं. त्या संशोधनात कृष्णमेघ कुंटे हे आपले मराठी शास्त्रज्ञ होते. 'एका रानवेड्याची शोधयात्रा' लिहिणारे तेच.

गंमत पुढेच आहे. आजीला हा किस्सा सांगितला, तर ती म्हणाली की ही पाकोळी परसातल्या कढीपत्त्यावर सारखी येऊन बसते. म्हणजे अंडी घालायला! मॉरमॉनची अळी कढीपत्ता खाते, रोझच्या अळीला सापसंदाचा वेल लागतो. मला जे चार दिवस कळलं नाही, त्याचा पुरावा आजीकडे आधीपासूनच होता. माझ्या शीटमध्ये झाडाचा रकानाच नव्हता, म्हणून मी तिला विचारलंच नाही.

माझं भांडण आहे ते इथे. सिंधुदुर्गात फुलपाखरं म्हटली की लोक कॅमेरे घेऊन आंबोलीला पळतात. जावं, जरूर जावं. पण किनाऱ्यालगतच्या वाड्या-बागांचं काय? माडाच्या झावळांवर पामफ्लायच्या अळ्या असतात. आंब्याच्या पानाच्या मधल्या शिरेवर बॅरनची हिरवी अळी अशी चिकटते, की समोर असून दिसत नाही. हे सगळं फवारणी आणि साफसफाईच्या वाटेत येतं, आणि त्याची नोंद करू शकतील अशी माणसं त्याच वाडीत राहतात. त्यांना फक्त इंग्रजी पुस्तक वाचता येत नाही. गावाची यादी करायची तर तीत शास्त्रीय नाव, मराठी नाव, तारीख, जागा आणि झाडाचं गावातलं नाव, एवढं पाहिजेच. नाहीतर तो आपण आपल्यासाठी जमवलेला अल्बम.

मी शीट बंद केली आणि एक दोनशे पानी वही आजीच्या ओटीवर ठेवून आले. एका बाजूला फोटोंच्या प्रिंट चिकटवल्यात, शेजारी रकाने. परवा सबमिशनच्या गडबडीत तिचा फोन आला.

"तुझा हळदीकुंकू इला हा. आज तारीख किती?"