पेरणीच्या घाईत योग आठवावा



दरवर्षी २१ जूनला आपल्या गावच्या शाळेत नाहीतर ग्रामपंचायतीपुढे सतरंज्या अंथरल्या जातात. संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २०१४ मध्ये हा दिवस आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून जाहीर केला आणि २०१५ पासून तो जगभर पाळला जातो. सरपंच, ग्रामसेवक, गुरुजी आणि शाळेची पोरंटोरं जमतात. हात वर होतात, फोटो निघतो, तो वरच्या कचेरीत जातो आणि कार्यक्रम संपतो. शेतकरी मात्र तिथे फारसा दिसत नाही. कारण उघड आहे. मृग सरत आलेला असतो, आर्द्रा लागायच्या बेतात असतात, बियाणे घरात येऊन पडलेले असते आणि सगळे लक्ष आभाळाकडे. एका आजोबांनी मला तोंडावर सुनावले होते, "साहेब, तुमचा योग तुम्हाला लखलाभ. आमचा पेरणीचा योग तेवढा जुळून येऊ द्या."

तेव्हा मी नुसता हसलो. पण पुढे माझ्या ध्यानात आले, की पेरणीचा योग आणि सतरंजीवरचा योग यांचा फार जवळचा संबंध आहे. तो मला पुस्तकातून कळला नाही, माझ्याच हातून झालेल्या चुकीतून कळला.

कृषी पदविका घेऊन मी या कामाला लागलो, त्याला आता बरीच वर्षे झाली. सुरुवातीच्या काळात एका जूनमध्ये एकच जोरदार सर पडली. पेरणीचे आकडे रोज कळवायचे होते आणि मी गावोगाव फटफटी पळवत होतो. रस्त्याच्या कडेला एका शेतकऱ्याने हात केला. "साहेब, सोयाबीन टाकू का?" ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, हे मी प्रत्येक बैठकीत सांगत असे. त्या दिवशी मात्र फटफटीवरून खाली उतरलो नाही, ओल किती खोल गेली ते उकरून पाहिले नाही. "उरका, समदेच पेरतायत," म्हणालो आणि निघून गेलो.

सोयाबीन उगवले. मग पावसाने ओढ दिली आणि दुपानी रोपे करपून गेली. दुबार पेरणीसाठी त्याने बायकोच्या कानातले गहाण ठेवले. मला मात्र तो एका शब्दाने बोलला नाही. उलट म्हणाला, "तुमचं काय चुकलं साहेब, पाऊसच फसवा." शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

त्याच वर्षी फटफटीच्या धक्क्यांनी माझी कंबर धरली. तालुक्याच्या गावी एक निवृत्त गुरुजी योग शिकवत, त्यांच्याकडे गेलो. वाटले, दोन आसने सांगतील आणि मोकळे करतील. त्यांनी पहिल्या दिवशी एकही आसन शिकवले नाही. समोर बसवले आणि म्हणाले, "दहा श्वास मोजा." मी पाचावर पोहोचलो आणि मन कचेरीत. परत एकपासून. तिसऱ्या खेपेलाही दहा झाले नाहीत. गुरुजी म्हणाले, "अहो, आधी थांबायला शिका, कंबर मागाहून बघू." त्या दिवशी फटफटीवर माझ्याजवळ नेमके हेच नव्हते. माहिती होती, पदविका होती, पण दहा श्वास थांबण्याची ताकद नव्हती.

योग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हातपाय वळवलेला माणूस येतो. पण पतंजलींच्या योगसूत्रांत जवळजवळ दोनशे सूत्रे आहेत, त्यांतली आसनांविषयीची अवघी तीन. चित्ताची धावाधाव आवरणे यालाच त्यांनी योग म्हटले आहे. गीतेने तर यश-अपयशात मनाचा तोल राखणे म्हणजेच योग, असे सांगितले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी साध्या मराठीत गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. ऐकणारे कैदीच होते. म्हणजे ही विद्या आश्रमात बसणाऱ्यांसाठीच आहे असे नाही. अडचणीतल्या माणसाला ती जास्त लागते. आणि ही नुसती श्रद्धेची बाब म्हणून सोडून द्यावी, असेही नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढले आणि योगक्रियांचे शरीरावर काय परिणाम होतात ते उपकरणे लावून तपासायला सुरुवात केली. आपण नवीन वाण आधी प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर पाहतो, तसेच ते झाले.

आता तुमचा नेहमीचा प्रश्न. "दिवसभर राबतो, तोच आमचा व्यायाम. वेगळा योग कशाला?" प्रश्न रास्त आहे, पण उत्तरही तितकेच सरळ आहे. निंदणी, खुरपणी, वेचणी, भातलावणी ही सगळी कामे पुढे वाकून होतात. त्यात आमच्या भगिनींच्या वाट्याला वाकणे जास्त, आणि घरी आल्यावर चूलही त्यांनाच. दिवसभर पुढे वाकलेल्या पाठीला थोडे मागे वळवायला हवे. त्यासाठी भुजंगासन आहे, शलभासन आहे. उभे राहून ताडासनात अंग ताणावे आणि शेवटी पाच मिनिटे शवासनात पडावे. एवढ्याला पंधरा मिनिटे पुरतात. पोट रिकामे असावे, जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावेत. ज्यांना हर्निया, वाढलेला रक्तदाब किंवा मणक्याचा त्रास आहे, आणि ज्या भगिनी गरोदर आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नये. कुणाचे पाहून जोरजोराने कपालभाती करू नये. जाणत्या माणसाकडून शिकावे.

पण माझा खरा आग्रह पुढचा आहे. पतंजलींनी आसनांच्या आधी यम-नियम सांगितले. जमीन तयार केल्याशिवाय आपण बी टाकत नाही, तसे. हे यम-नियम शेतीत कसे उतरतात ते पाहा.

अहिंसा घ्या. कपाशीवर चार किडी दिसल्या की पंप पाठीवर चढतो. त्या फवाऱ्यात ढालकिडा आणि क्रायसोपा हे आपले मित्रकीटकही मरतात. कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीवर गेली का, हे आधी मोजा. सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क मारा. अहिंसा स्वतःच्या देहाबद्दलही असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन किती शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरू नये. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, उघड्या अंगाने, दोन-तीन औषधे एकत्र कालवून फवारणे ही आपल्याच जीवाची हिंसा आहे.

अपरिग्रह म्हणजे गरजेपुरतेच घेणे. शेजाऱ्याने दोन पोती युरिया टाकला म्हणून आपण तीन टाकायचा नाही. मातीपरीक्षणाचा कागद पाहायचा आणि तेवढाच टाकायचा. स्वाध्यायाचा अर्थ स्वतःला तपासणे असाही घेता येतो. घरचे सोयाबीन पेरणार असाल तर ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवा आणि किती उगवले ते मोजा. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर खुशाल पेरा. हा तुमच्या बियाण्याचा स्वाध्याय झाला!

आणि सत्य? ते आम्हा कारभाऱ्यांसाठी. नुकसानीचा पंचनामा ओसरीवर बसून लिहायचा नाही, बांधावर जाऊन लिहायचा. पेरणीचा आकडा वाढवून कळवायचा नाही. आकड्याच्या घाईत मी काय करून बसलो, ते वर लिहिलेच आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. योगाने पाऊस पडत नाही, सोयाबीनचा भाव वाढत नाही, सोसायटीचे कर्ज फिटत नाही. ज्याची झोप उडाली आहे, जो घरात बोलेनासा झाला आहे, त्याला "प्राणायाम कर" म्हणून वाटेला लावू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला दवाखान्यात न्या. सरकारची टेलिमानस ही सेवा २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येते. योगाचे काम वेगळे आहे. आपल्या हातात नसलेल्या गोष्टींनी आपल्याला इतके हलवू नये, की हातात असलेल्या गोष्टीही बिघडाव्यात. बांधावरून झालेली बाचाबाची आठवून पाहा. पहिली शिवी तोंडात आली तेव्हा दहा श्वास मोजले असते, तर किती खटले कोर्टात गेलेच नसते!

म्हणून या पावसाळ्यात एवढे करून पाहा. पहिली सर पडली आणि शेजाऱ्याची तिफण चालू झाली, तर बांधावर दोन मिनिटे बसा. दहा श्वास मोजा. मग उठून वावरात खड्डा घ्या आणि ओल किती खोल गेली ते बघा. पाऊस पुरेसा झाला असेल तर पेरा, नसेल तर पोत्याचे तोंड बांधून ठेवा. सरपंच आणि ग्रामसेवकांना विनंती, की योग एका दिवसाच्या फोटोपुरता ठेवू नका. ग्रामसभेच्या आधी पाच मिनिटे सगळे मिळून शांत बसा. ग्रामसभेतला आरडाओरडा थोडा तरी कमी होईल.

मी आता कुणी "पेरू का?" विचारले, की आधी फटफटी बंद करतो. खाली उतरतो, मातीत हात घालतो आणि मगच बोलतो. कंबर बरी आहे. त्या शेतकऱ्याच्या बांधावर मात्र अजून दरवर्षी न चुकता जातो.